खेळयंत्राचा दांडा आणि कळ : घरगुती नियंत्रण-फलकाच्या इतिहासाची एक मांडणी

१. विषयाची व्याप्ती आणि परिभाषा

नाणे टाकले असता चालू होणारी आणि पडद्यावरील चित्रांच्या साहाय्याने खेळावयाची यंत्रे, म्हणजे ज्यांना सर्वत्र आर्केड यंत्रे म्हणतात ती, विसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांतील लोकरंजनाचे एक प्रमुख साधन होती. त्यांच्या इतिहासावर आजवर पुष्कळ लेखन झाले आहे. परंतु ते बहुतांशी पडद्यावर काय दिसे याविषयीचे, खेळ रचणाऱ्या व्यक्तींविषयीचे आणि ते विकणाऱ्या कंपन्यांच्या उत्कर्षापकर्षाविषयीचे आहे. खेळणाऱ्याचा हात ज्या वस्तूंवर ठेवलेला असे त्यांच्याकडे, म्हणजे दांडा, कळा आणि त्या जीवर बसविलेल्या असत ती फळी यांच्याकडे, त्या मानाने लक्ष कमी गेले आहे. या वस्तूंचा बारकाईने अभ्यास केला तो बहुधा विद्यापीठांबाहेरील माणसांनी. जुन्या यंत्रांच्या ओढीने स्वतःच्या घरी तसे यंत्र बांधू पाहणाऱ्या हौशी कारागिरांनी.

प्रस्तुत लेखात दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. घरी बांधलेला नियंत्रण-फलक ही कारखान्यात तयार झालेल्या फलकाची केवळ नक्कल होय काय, हा पहिला प्रश्न. आणि खेळाचा प्रोग्राम जतन झाला म्हणजे खेळ जतन झाला असे म्हणता येईल काय, हा दुसरा. या दोन प्रश्नांचा परस्परसंबंध आहे. तो कसा हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

परिभाषेविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. 'जॉयस्टिक' या इंग्रजी शब्दासाठी येथे 'दांडा' हा साधा शब्द योजिला आहे. 'बटन' हा शब्द मराठीत रुळलेला असला तरी दाबताक्षणी काही घडवून आणणाऱ्या वस्तूस 'कळ' हे आपले जुने नाव अधिक नेमके वाटते. दांडे व कळा ज्या पृष्ठभागावर बसविलेल्या असतात त्यास 'फलक' म्हटले आहे. 'मायक्रोस्विच', 'कीबोर्ड', 'सर्किट बोर्ड' इत्यादी शब्द मात्र रूढ आहेत तसेच ठेविले आहेत.

२. पूर्वपीठिका

दांडा हा खेळासाठी जन्मास आलेला नाही. विमानविद्येच्या आरंभकाळी, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, वैमानिकाच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये असलेल्या नियंत्रक दांड्यास हे नाव मिळाले. विमानातील दांडा तारांच्या ओढीने पंखांना हलवीत असे. हाताचे बल आणि पंखाची हालचाल यांचा तेथे प्रत्यक्ष संबंध होता. हा संबंध तोडून दांड्याच्या हालचालीचे विजेच्या संकेतात रूपांतर करण्याची कल्पना त्यानंतरची. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतील सी. बी. मिरिक यांच्या दोन अक्षांवर हलणाऱ्या विद्युत् दांड्यास १९२६ साली पेटंट मिळाले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने विमानातून सोडलेले बाँब दूरवरून वळविण्यासाठी अशाच दांड्यांचा उपयोग केला.

या पूर्वपीठिकेतून एकच गोष्ट येथे लक्षात घ्यावयाची. विद्युत् दांडा हा मूलतः हाताच्या हालचालीचे भाषांतर करणारा दुभाष्या होय. हाताला होणारी जाणीव आणि यंत्राकडे जाणारा संकेत या दोन गोष्टी त्यात वेगळ्या झाल्या, आणि त्या दोहोंमधील अंतर किती व कसे ठेवावयाचे हे ठरविणे रचनाकाराच्या हाती आले. पुढील सर्व इतिहास या अंतराचा आहे.

३. केंब्रिज, १९६२ : पहिला घरगुती फलक

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेला १९६१ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा पीडीपी-१ हा संगणक मिळाला. स्टीव्ह रसेल आणि त्यांचे सहकारी यांनी १९६२ च्या पूर्वार्धात त्यावर 'स्पेसवॉर' हा दोघांनी खेळावयाचा खेळ सिद्ध केला. दोन अवकाशयाने एका ताऱ्याभोवती फिरत परस्परांवर मारा करतात, असे त्याचे स्वरूप होते. संगणकाच्या दर्शनी भागावर तपासणीसाठी बसविलेले जे खटके होते, त्यांतील चार-चार खटके प्रत्येक खेळाडूने वापरावयाचे अशी आरंभीची व्यवस्था होती.

ही व्यवस्था तीन कारणांनी टिकली नाही. एक तर हे खटके सतत उघडझाप सोसण्यासाठी नव्हतेच. ते झपाट्याने झिजू लागले. दुसरे, पडदा खटक्यांच्या एका बाजूस असल्यामुळे दोघांपैकी एका खेळाडूस तो तिरपा दिसे आणि लढत समतोल राहत नसे. तिसरे, त्या उंचीवर हात धरून ठेवल्याने कोपर दुखू लागत. तेव्हा ॲलन कोटोक व रॉबर्ट साँडर्स या दोघांनी संस्थेतील आगगाडी-प्रतिकृती मंडळाच्या सामानातून लाकूड, तारा व खटके शोधून काढले आणि हातात वा मांडीवर घेऊन वापरता येतील अशा दोन पेट्या तयार केल्या. प्रत्येक पेटीवर दोन तरफा होत्या. एकीने यान डावी-उजवीकडे वळे. दुसरी मागे ओढली असता त्यास गती मिळे आणि पुढे ढकलली असता ते अदृश्य होऊन अन्यत्र प्रकट होई. मारा करण्याची कळ वेगळी होती, आणि ती दाबली असता आवाज होणार नाही याची काळजी घेतलेली होती. कारण आवाज झाला तर प्रतिस्पर्धी सावध होणार.

हा शेवटचा तपशील क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे, परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने तो अत्यंत महत्त्वाचा आहे. कळेचा आवाज ही गोष्ट प्रोग्राममध्ये कोठेही लिहिलेली नाही. संगणकाला तिचा पत्ताही नाही. तथापि खेळाच्या निकालावर तिचा परिणाम होतो, हे या दोन कारागिरांनी ओळखले होते. संगणकीय खेळांच्या उद्योगाचा जन्म होण्यापूर्वीच फलक हा खेळाच्या नियमांचा एक भाग असल्याचे येथे मान्य झालेले दिसते. शिवाय ही पेटी कोणत्याही कारखान्यातून आलेली नव्हती. जवळ असलेल्या सामानातून, एका विशिष्ट खेळाची विशिष्ट अडचण दूर करण्यासाठी, खेळणाऱ्यांनीच ती बांधली होती. पुढे पस्तीस वर्षांनी घराघरांतून जे काम सुरू झाले त्याचे हे मूळ रूप म्हणावयास हरकत नाही.

४. व्यवसायाचा काळ : १९७१ ते १९९१

'स्पेसवॉर'ची कल्पना घेऊन १९७१ साली नटिंग असोसिएट्सने 'कॉम्प्युटर स्पेस' हे नाण्यावर चालणारे यंत्र बाजारात आणले. त्यावर वळणे, वेग घेणे व मारा करणे या क्रियांसाठी निरनिराळ्या कळा होत्या. अनोळखी गिऱ्हाइकास त्या अवघड वाटल्या, आणि यंत्रास माफकच यश मिळाले. पुढल्याच वर्षी, १९७२ मध्ये, अटारीच्या 'पाँग'वर प्रत्येक खेळाडूस फिरविण्याची एकच मूठ देण्यात आली आणि तो खेळ सर्वत्र पसरला. दोन्ही यंत्रांचा संबंध नोलन बुशनेल व टेड डॅबनी यांच्याशी होता. या दोन यंत्रांच्या भाग्यातील अंतराची इतरही कारणे असतील. परंतु फलकाची सुगमता हे त्यांतील एक प्रमुख कारण होते, याविषयी दुमत नसावे.

त्यानंतरच्या वीस वर्षांत फलकांची विविधता विलक्षण वाढली. 'स्पेस इन्व्हेडर्स' (१९७८) या जपानी खेळाचे मिडवेने अमेरिकेत काढलेले उभे यंत्र डावीकडे-उजवीकडे सरकण्यासाठी दांडा नव्हे, तर दोन कळा देई. 'ॲस्टरॉइड्स' (१९७९) वर पाच कळा होत्या आणि दांडा नव्हता. 'मिसाइल कमांड' (१९८०) वर हाताने लोटावयाचा गोळा, तर 'टेंपेस्ट' (१९८१) वर फिरकी होती. तोरू इवातानी यांच्या 'पॅक-मॅन'वर (१९८०) चार दिशांना हलणारा एकच दांडा होता व खेळण्यासाठी एकही कळ नव्हती. याच्या अगदी उलट, युजीन जार्व्हिस यांच्या 'डिफेंडर' (१९८१) वर वर-खाली हलणारा दांडा आणि पाच कळा होत्या. जार्व्हिस यांच्याच 'रोबोट्रॉन' (१९८२) वर दोन दांडे आले. एकाने चालावयाचे, दुसऱ्याने ज्या दिशेस ढकलाल त्या दिशेस मारा करावयाचा. मोटारीच्या अपघातात उजवा हात मोडला असता कळ दाबणे अशक्य झाले आणि त्यातून ही रचना सुचली, असे जार्व्हिस यांनीच सांगितले आहे.

या काळाच्या अखेरीस 'स्ट्रीट फायटर'चे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. १९८७ च्या मूळ खेळाच्या एका यंत्रावर ठोसा व लाथ यांसाठी दोन मोठ्या गाद्या होत्या. जितक्या जोराने त्या दाबाव्यात तितका प्रहार जबरदस्त. ही कल्पना आकर्षक असली तरी गाद्या बिघडत आणि हातही दुखावत. म्हणून एकेका गादीच्या जागी हलका, मध्यम व जोरदार अशा तीन कळा देण्यात आल्या. सहा कळांची ही मांडणी १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २'ने जगभर नेली, आणि आज घरगुती फलक बांधणारा बहुतेक प्रत्येक जण तीच मांडणी प्रथम आखतो. एका मोडक्या साधनावरील तडजोड अशा रीतीने प्रमाण होऊन बसली.

५. दांड्याची अंतर्रचना

येथवर आपण फलकाचे बाह्य रूप पाहिले. आता त्याच्या पोटात डोकावले पाहिजे. कारण हाताला जाणवणारा फरक तेथे निर्माण होतो.

आर्केडचा साधा दांडा चार स्विचांनी वेढलेला असतो. दांडा एका बाजूस कलला की त्या बाजूचा स्विच मिटतो. तिरक्या दिशेस कलला की लगतचे दोन स्विच एकाच वेळी मिटतात. आठ दिशा ओळखण्यास चारच स्विच पुरतात ते यामुळे. जुन्या अमेरिकन यंत्रांत धातूच्या लवचीक पट्ट्यांचे स्विच असत. दांड्याने एक पट्टी दुसरीवर टेकविली की मंडल पूर्ण होई. त्याला आवाज नसे, आणि पट्ट्यांमधील अंतर हाताने कमीजास्त वाकवून दांडा हवा तितका हळवा करता येई. मायक्रोस्विच हा दुसरा प्रकार १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या फ्रीपोर्ट या गावी उदयास आला. त्यातील स्प्रिंग विशिष्ट बिंदूपर्यंत दबते व मग एकदम पलटी खाते. तेव्हा 'टिक' असा आवाज होतो आणि बोटालाही धक्का जाणवतो. पट्टीचा स्विच पुसावा लागतो, वाकवून जुळवावा लागतो. मायक्रोस्विच बंदिस्त असतो आणि बिघडला की बदलता येतो. धंद्याच्या दृष्टीने दुसरा सोयीचा ठरला व तोच पुढे सर्वत्र आला.

दांड्याच्या तळाशी एक पट्टिका असते. तिच्यातील छिद्राच्या आकाराने दांड्याच्या हालचालीस सीमा पडते. चौकोनी छिद्रात दांडा कोपऱ्यांत जाऊन स्थिरावतो, म्हणून तिरक्या दिशा नेमक्या सापडतात. अष्टकोनी छिद्रात प्रत्येक दिशेस खाच जाणवते. वर्तुळाकार छिद्रात कोठेच जाणवत नाही. चौकोनच पंचेचाळीस अंशांनी फिरविला तर कोपरे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे येतात आणि तिरक्या जागा बंद होतात. मग दांडा चार दिशांचा होतो. जपानमधील सान्वा व सेइमित्सू या कारखानदारांच्या अनेक दांड्यांत ही पट्टिका बदलता वा फिरविता येते.

हा तपशील किती निर्णायक असतो हे 'पॅक-मॅन'वरून दिसते. त्या खेळातील मार्ग फक्त आडवे व उभे आहेत, आणि वळण येण्यापूर्वी किंचित अगोदर दांडा वळविणाऱ्यास कोपऱ्यावर थोडी आघाडी मिळते. पाठलाग करणारी भुते त्या मानाने मागे पडतात. आठ दिशांच्या दांड्यावर हाच प्रयत्न केला तर हात नकळत तिरक्या जागेत जातो, दोन स्विच एकदम मिटतात आणि यंत्राला हेतू कळत नाही. खेळ तोच, प्रोग्राम तोच. परंतु कुशल खेळाडूही त्या फलकावर अनाडी ठरतो. उलटपक्षी 'स्ट्रीट फायटर २'मध्ये खाली, खाली-पुढे व पुढे अशी दांड्याची पाव-फेरी केल्यावाचून विशेष प्रहार होत नाही. तेथे चार दिशांचा दांडा निरुपयोगी आहे. एकाच फलकाने दोघांनाही न्याय देणे कठीण आहे, हे यावरून दिसून येईल.

६. प्रमाणीकरण आणि त्याची किंमत

१९८५ साली जपानच्या यंत्रोत्पादक संघटनेने जोडणीचे एक प्रमाण ठरविले. संघटनेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास 'जॅमा' म्हणतात. सर्किट बोर्डाच्या कडेवर प्रत्येक बाजूस २८, असे एकूण ५६ स्पर्शबिंदू. त्यांतून वीजपुरवठा, चित्र, ध्वनी, आणि दोन खेळाडूंपैकी प्रत्येकास चार दिशा, तीन कळा, आरंभाची कळ व नाण्याचा संकेत. यामुळे यंत्राची पेटी तशीच ठेवून केवळ आतील बोर्ड बदलता येऊ लागला. 'स्ट्रीट फायटर २'ला सहा कळा लागत असल्याने तीन कळांच्या या प्रमाणात तो बसला नाही, आणि लाथेच्या कळांसाठी वेगळी जोडणी द्यावी लागली. प्रमाण ठरून सहा वर्षे होतात तोच ही पाळी आली.

प्रमाणीकरणाचे फायदे उघड आहेत. परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्याची किंमतही मोजावी लागली. १९८३ च्या सुमारास अमेरिकेतील धंदा मंदावल्यावर जुन्या पेट्यांत नवे खेळ बसविण्याची पद्धत आधीच सुरू झाली होती. जॅमामुळे ती अधिक सोपी झाली. पेटीवरील चित्रे रंगवून टाकली जात, मूळ फलकावर नवी भोके पाडली जात किंवा फलकच काढून टाकला जाई. सर्किट बोर्ड त्या मानाने लहान. तो कपाटात राहू शके. फलक मात्र भंगारात गेला. ज्या वस्तूशी हाताचा संबंध होता तीच वस्तू प्रथम नष्ट झाली, असा हा प्रकार आहे.

७. १९९७ : प्रोग्राम वाचला, हात राहिला

निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने ५ फेब्रुवारी १९९७ रोजी 'मेम' या आज्ञावलीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. जुन्या यंत्रांतील प्रोसेसर व इतर भाग यांच्या वर्तनाचे सामान्य संगणकावर अनुकरण करणे हे तिचे कार्य. जुन्या यंत्रांची रचना नोंदवून ठेवणे हा आपला मुख्य हेतू असून खेळ खेळता येणे हा केवळ आनुषंगिक लाभ आहे, असे तिच्या कर्त्यांनी सातत्याने सांगितले आहे. या प्रयत्नामुळे हजारो खेळांचे प्रोग्राम विस्मृतीतून वाचले, हे ऋण कोणत्याही इतिहासकाराने मान्यच केले पाहिजे.

परंतु हे खेळ आता कीबोर्डावर खेळावे लागत. 'मेम'च्या मूळ योजनेत पहिल्या खेळाडूस बाणांच्या चार कळा, तसेच कंट्रोल, आल्ट व स्पेस. नाण्यासाठी ५ चा आकडा व आरंभासाठी १ चा. घरगुती कारागिरांपुढे प्रश्न उभा राहिला तो असा : खरा दांडा व खऱ्या कळा संगणकास कीबोर्ड आहेत असे कसे भासवावे?

पहिला उपाय साहजिक होता. जुना कीबोर्ड उघडावा, त्यातील लहान सर्किट बोर्ड काढावा आणि त्याच्या स्पर्शबिंदूंना तारा सोल्डर करून त्या दांड्याच्या स्विचांना जोडाव्यात. हा उपाय स्वस्त होता, परंतु त्यात एक मूलभूत दोष दडलेला होता. कीबोर्डात प्रत्येक कळेस स्वतंत्र तार नसते. आडव्या व उभ्या तारांची जाळी असते आणि प्रत्येक छेदबिंदूवर एक कळ. ८ आडव्या व १३ उभ्या अशा अवघ्या २१ तारांत १०४ कळा बसतात. परंतु जाळीतील एखाद्या आयताच्या तीन कोपऱ्यांवरील कळा एकाच वेळी दाबल्या तर वीज आडमार्गाने फिरून चौथ्या कोपऱ्यावरील न दाबलेली कळही दाबल्यासारखी भासते. हे टाळण्यासाठी पुष्कळ कीबोर्ड अशा वेळी तिसरी कळ मुळी मानीतच नाहीत. टंकलेखनात याने काही बिघडत नाही. दोन खेळाडू, दोन तिरके दांडे आणि सहा-सहा कळा अशा झुंजीत मात्र खेळाचा विचका होतो.

म्हणून दुसरा उपाय आला : खास या कामासाठी तयार केलेला संकेतक बोर्ड. अँडी वॉर्न यांच्या अल्टिमार्क या ब्रिटिश संस्थेचा 'आय-पॅक' हा त्यांतील सुप्रसिद्ध होय. त्यात जाळी नाही. प्रत्येक स्विचास स्वतःची जागा आहे. प्रत्येक जागी रोधाच्या द्वारे विद्युद्दाब उंच ठेवलेला असतो. स्विच मिटला की ती जागा भूमीशी जोडली जाते, दाब शून्यावर येतो, आणि बोर्ड ही घटना कीबोर्डाच्या भाषेत संगणकास कळवितो. मिटताना धातूचे स्पर्शबिंदू काही सहस्रांश सेकंद थरथरतात. ही थरथर म्हणजे अनेक वेळा दाबणे नव्हे, हा विवेकही त्या बोर्डालाच करावा लागतो. थांबण्याचा हा अवधी फार लांबविता येत नाही. कारण पुष्कळ खेळांत सेकंदास सुमारे ६० चित्रे येतात, म्हणजे एका चित्रास सुमारे १६.७ सहस्रांश सेकंदच मिळतात.

तारांचा हिशेबही सांगण्यासारखा आहे. प्रत्येक खेळाडूस चार दिशा, सहा कळा, आरंभ व नाणे मिळून १२ स्विच, दोघांचे २४. प्रत्येक स्विचास दोन टोके असल्याने ४८ तारा लागतील असे वाटते. परंतु एक टोक सर्वांचे समान असल्यामुळे भूमीची एकच तार एका स्विचावरून दुसऱ्यावर साखळीसारखी नेता येते, आणि बोर्डापर्यंत जाणाऱ्या तारा २५ च उरतात. या साखळीत एक दुवा निसटला तर त्यापुढील सर्व कळा एकदम मुक्या होतात. नवशिक्यास पहिला धडा बहुधा येथेच मिळतो. समान भूमीची ही पद्धत नवी नव्हे. जॅमात ती होतीच, आणि १९७७ च्या अटारीच्या घरगुती यंत्राचा नऊ स्पर्शबिंदूंचा दांडाही याच तत्त्वावर चाले.

२००४ साली जॉन सेंट क्लेअर यांचे 'प्रोजेक्ट आर्केड' हे पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि विखुरलेले हे ज्ञान एका ग्रंथात आले. लाकूड कोणते घ्यावे, गिरमिटाने भोक किती रुंद पाडावे, हात कोठे टेकतो, येथपासून तारांच्या जोडणीपर्यंतचा विचार त्यात आहे. जपानी पद्धतीच्या मुख्य कळेस ३० मिलिमीटरचे भोक लागते, अमेरिकन कळेस सुमारे २८ चे. हा दोन मिलिमीटरांचा फरक एका बाजूच्या कळांसाठी पाडलेल्या फलकावर दुसऱ्या बाजूच्या कळा बसू देत नाही किंवा सैल पाडतो. १९८० नंतरच्या दशकातील दोन देशांच्या कारागिरीची सरहद्द आजही त्या भोकात मोजता येते.

८. सर्वसमावेशक फलकाचा वाद

हजारो खेळ एका यंत्रात मावू लागल्यावर एक नवाच मोह उत्पन्न झाला. सर्व खेळांसाठी सर्व साधने एकाच फलकावर का नसावीत? दोन आठ-दिशांचे दांडे, मध्ये एक चार-दिशांचा, एक गोळा, एक फिरकी, आणि शिवाय डझनावारी कळा असे अवाढव्य फलक बांधले गेले. मेरी शेली यांच्या कादंबरीतील, निरनिराळ्या देहांचे तुकडे जोडून केलेल्या प्राण्यावरून हौशी मंडळींनी त्यांस 'फ्रँकनपॅनेल' असे उपरोधिक नाव दिले.

हा वाद केवळ सौंदर्याचा नव्हे. सर्वसमावेशक फलकावर कोणतेही साधन आपल्या मूळ जागी नसते. 'रोबोट्रॉन'चे दोन दांडे परस्परांपासून विशिष्ट अंतरावर असावे लागतात. ते दोन खेळाडूंच्या दोन टोकांना असले तर एका माणसाने हात पसरून खेळावे लागते. 'पॅक-मॅन'चा एकुलता दांडा मध्यभागी असे. तो डाव्या हाताने धरावा की उजव्या, याची मुभा खेळणाऱ्यास होती. फलकावर कळांची गर्दी झाली की ही मुभा जाते. या मोहास उत्तर म्हणून काहींनी फलक बदलता येईल अशा पेट्या बांधल्या, तर काहींनी एकाच खेळास वाहिलेले यंत्र पुन्हा उभे केले. एकाने विस्तार पत्करला, दुसऱ्याने नेमकेपणा. आणि दोहोंच्या मुळाशी जतन म्हणजे काय याविषयीची भिन्न मते आहेत. संहितेच्या संपादनात सर्व पाठ एकत्र देणारी आवृत्ती आणि एकच पाठ निश्चित करणारी आवृत्ती यांच्यात जो भेद असतो, त्याच जातीचा हा भेद आहे.

९. अशक्य हालचालीचा पुरावा

आतापर्यंतच्या विवेचनावर एक आक्षेप घेता येईल. फलक बदलल्याने खेळ सोपा वा अवघड होतो हे खरे. परंतु खेळाचे नियम तर प्रोग्राममध्येच असतात, मग फलकास नियमांचा भाग कसे म्हणावे? या आक्षेपाचे निर्णायक उत्तर दांडाच नसलेल्या फलकांनी दिले आहे.

२०१० नंतर चार दिशांसाठीही कळाच वापरणारे नियंत्रक लढतीच्या खेळांत प्रचारात आले. 'हिट बॉक्स' हे त्यांतील विशेष परिचित. दांडा एका वेळी एकाच बाजूस कलतो. डावी व उजवी दिशा एकदम देणे त्यास शक्यच नाही. कळांना ही आडकाठी नाही. दोन बोटांनी दोन्ही एकदम दाबता येतात. आता 'स्ट्रीट फायटर २'मधील गाइल या पात्राचा विचार करा. त्याचा प्रसिद्ध मारा करण्यासाठी आधी काही काळ मागे धरून मग पुढे ढकलीत ठोसा द्यावा लागतो. दांडा पुढे गेला की मागचा साठा सुटतो. म्हणूनच त्या पात्राने पुढे चालावे की साठा करावा, हा पेच खेळणाऱ्यापुढे असतो. विरुद्ध दिशा एकत्र पोहोचू लागल्या तर तो पेचच सैल होण्याचा संभव असतो. म्हणून अशा वेळी डावे-उजवे परस्परांना छेदून शून्य मानावेत की शेवटी दाबलेले ग्राह्य धरावे, याविषयी नियंत्रकांच्या बोर्डांत तजवीज करावी लागली आणि स्पर्धांच्या आयोजकांनाही नियम करावे लागले.

याचा अर्थ असा की, 'एका वेळी एकच बाजू' हा एक नियम होता. तो प्रोग्राममध्ये लिहिण्याची कोणास गरज वाटली नव्हती, कारण दांडाच तो पाळून घेत असे. दांडा काढून घेताच तो शब्दांत लिहावा लागला. अलिखित संकेत मोडला गेल्यावरच त्याचे अस्तित्व ध्यानात येते, हा अनुभव समाजशास्त्राच्या अभ्यासकांस नवा नाही. येथे तो लाकूड व लोखंडाच्या बाबतीत आला, इतकेच.

१०. समारोप

आरंभी मांडलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे आता देता येतील. घरगुती फलक ही कारखान्याच्या फलकाची केवळ नक्कल नव्हे. काळाच्या क्रमाने पाहिले तर घरगुती फलकच आधीचा आहे. १९६२ ची लाकडी पेटी ही कारखान्याच्या कोणत्याही फलकाहून जुनी होय. कारखान्यांनी ती कला उचलली, विस्तारली, प्रमाणबद्ध केली, आणि मागणी ओसरल्यावर टाकून दिली. ती पुन्हा घराकडे परतली. परतताना तिने सान्वाचा दांडा, जॅमाची समान भूमी व सहा कळांची मांडणी ही व्यवसायाची मिळकत सोबत आणली, हेही तितकेच खरे. म्हणून नक्कल आणि मूळ असा सरळ भेद येथे लागू पडत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. प्रोग्राम जतन झाला म्हणजे खेळाचा मोठा भाग जतन झाला, परंतु संपूर्ण खेळ नव्हे. कळेचा मूकपणा, तळपट्टीचा आकार, दोन दांड्यांतील अंतर आणि दांड्याने पाळलेला अलिखित नियम या गोष्टी कोणत्याही स्मृतिकोशात साठविता येत नाहीत. त्या वस्तूतच राहतात किंवा वस्तूबरोबर जातात. संगीताची लिपी हाती असली तरी वाद्य लोपले तर गत कशी वाजत असे हे सांगता येत नाही, तशातलाच हा प्रकार.

जी मूळ यंत्रे आज उरली आहेत त्यांच्या पट्ट्या झिजत आहेत, स्प्रिंगा सैल होत आहेत, आणि त्यांवर तरुणपणी खेळलेली पिढी वृद्ध होत आहे. ज्या घरगुती कारागिरांनी भोकांची मापे घेतली, पट्ट्यांचा ताण जुळविला आणि दांडा कोणत्या बाजूस होता यावरून वाद घातला, त्यांनी इतिहासलेखनाची साधने गोळा केली आहेत. ती साधने पद्धतशीरपणे नोंदवून घेणे, प्रत्येक यंत्राच्या फलकाची मोजमापे प्रोग्रामइतक्याच काळजीने जतन करणे आणि जेथे शक्य असेल तेथे कुशल खेळाडूंच्या हातांच्या हालचालींचे चित्रण करून ठेवणे, हे काम विद्यापीठांनी आता हाती घ्यावयास हवे. फलक एकदा भंगारात गेला की त्याची मापे कोणत्याही प्रोग्राममधून पुन्हा काढता येणार नाहीत.